जलशाआधीचा हिशेब

१७४९ सालच्या एप्रिल महिन्यात लंडनच्या पुलावर तीन तास गाड्या खोळंबून राहिल्या होत्या. युद्ध नव्हते, नदीला पूर नव्हता, की कोणा राजपुरुषाची स्वारीही निघाली नव्हती. थेम्सच्या दक्षिण तीरावरील व्हॉक्सहॉल उद्यानात हॅण्डेल या संगीतकाराच्या नव्या रचनेची तालीम होती, आणि माणशी अडीच शिलिंग मोजून ती ऐकण्यासाठी उत्तर तीरावरचे लोक लोटले होते. त्या काळच्या एका मासिकाने श्रोत्यांचा आकडा १२,००० हून अधिक दिला आहे. तो थोडा फुगवलेला असेल. परंतु पुलाची हकीकत खोटी मानण्याचे कारण नाही. शहराच्या मध्यभागी नदी ओलांडण्यास त्या वेळी तो एकच पूल होता. वेस्टमिन्स्टरचा नवा पूल खुला होण्यास अजून दीड वर्षाहून अधिक अवकाश होता. तालीम सकाळी होणार, ती अमुक ठिकाणी होणार, लोक येणार ते पलीकडून येणार आणि पूल एकच आहे, या चारही गोष्टी आदल्या दिवशी सर्वांना ठाऊक होत्या. त्यांची बेरीज मात्र कोणी केली नाही.

ज्या समारंभासाठी ही तालीम चालली होती तो याहून पुष्कळ मोठा होता. ऑस्ट्रियाच्या गादीच्या वारसाहक्कावरून युरोपात आठ वर्षे चाललेले युद्ध १७४८ च्या तहाने संपले, आणि त्या तहाप्रीत्यर्थ दुसऱ्या जॉर्ज राजाने लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये दारूकामाचा सोहळा योजिला. रंगभूमीच्या सजावटीसाठी युरोपभर नावाजलेल्या सर्व्हान्दोनी या कारागिराला बोलावून ४१० फूट लांब आणि ११४ फूट उंच असा एक प्रचंड प्रासाद उभारण्यात आला. तो होता लाकडाचा. वर कापड ताणून, पांढरा रंग देऊन त्याला दगडी मंदिराचे रूप दिले होते. राजाची इच्छा अशी की, संगीतात रणवाद्येच असावीत, व्हायोलिनसारखी नाजूक वाद्ये नकोत. हॅण्डेलला ते मनातून रुचले नव्हते. तथापि त्याने २४ ओबो, १२ बसून, ९ तुताऱ्या, ९ शिंगे आणि नगाऱ्यांच्या जोड्या असा सरंजाम मांडला. उघड्या मैदानात हजारोंच्या कानी सूर पोहोचवावयाचे तर त्या काळी दुसरा उपायही नव्हता.

२७ एप्रिलला संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. जनसमुदायाला आत घेता यावे म्हणून उद्यानाची भिंत एका बाजूने पाडून वाट केली होती, आणि ही एक गोष्ट मात्र दूरदृष्टीची म्हटली पाहिजे. संगीत झाले. दारूकामास आरंभ झाला. ओलसर हवेमुळे काही नळे पेटलेच नाहीत, आणि जे पेटले त्यांतल्या काहींनी प्रासादाच्या एका बाजूच्या मंडपाला आग लावली. आपली कलाकृती डोळ्यांदेखत जळताना पाहून सर्व्हान्दोनीचे भान सुटले. दारूकामावर देखरेख करणाऱ्या चार्ल्स फ्रेडरिक या सरकारी अधिकाऱ्यावर त्याने तलवार उपसली. शिपायांनी त्याला निःशस्त्र करून कोठडीत टाकले, आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितल्यावर सोडून दिले. एक भरकटलेला बाण प्रेक्षकांत शिरून एका मुलीच्या वस्त्रांना आग लागली. जवळच्या माणसांनी प्रसंगावधान राखून ती वस्त्रे फाडून काढली म्हणून ती वाचली. होरेस वॉल्पोल या सरदारपुत्राने मित्राला पाठविलेल्या पत्रात नोंदले आहे की, एकंदरीत उपद्रव थोडाच झाला. अवघी दोन माणसे दगावली.

या 'अवघी' मध्ये त्या युगाची सारी वृत्ती दिसते. हजारो लोक जमले म्हणजे एकदोघांनी प्राणास मुकावे, हा सोहळ्याच्या खर्चाचाच भाग समजला जाई. खरे पाहता जे घडले त्यातले अनपेक्षित असे काहीच नव्हते. लाकूड, कापड आणि दारू ही एकत्र आली होती. पावसाळी हवा होती. आणि सोहळा थांबविण्याचा अधिकार कोणाचा, कारागिराचा की अधिकाऱ्याचा, हे ठरलेले नव्हते, म्हणून त्याचा निकाल तलवारीने लावण्याची पाळी आली. कापडी मंडपाचा हा धोका युरोपपुरता किंवा अठराव्या शतकापुरता आहे असेही नाही. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाने पेट घेतला, आणि चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत मुलांचीच संख्या मोठी होती.

हॅण्डेलच्या काळी उघड्यावरच्या संगीताला एक नैसर्गिक मर्यादा होती. जेथवर तुतारी ऐकू जाई तेथवरच श्रोता थांबे. पुढे गर्दी आपोआप विरळ होत जाई. आपल्याकडेही कीर्तनकाराचा वा शाहिराचा आवाज जेवढा पोहोचे तेवढीच सभा. विसाव्या शतकात ध्वनिक्षेपक आला आणि ही मर्यादा नाहीशी झाली. आता मैलभर अंतरावरील माणसालाही सूर ऐकू येतो. परंतु त्याला गायक दिसत नाही, म्हणून तो पुढे सरकू पाहतो. मागच्याने पुढे सरकावे आणि पुढच्याला जागा नसावी, ही स्थिती यंत्राने निर्माण केली, आणि तिचा विचार करण्यास माणसाने पुष्कळ उशीर लावला.

६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे झालेला विनामूल्य जलसा हे याचे उदाहरण. सुमारे तीन लाख तरुण तेथे जमले. मूळ योजना सिअर्स पॉइंट नावाच्या दुसऱ्याच ठिकाणची होती. तेथे रंगमंच उंचवट्यावर येणार होता, म्हणून तो जेमतेम तीन-चार फूट उंचीचा आखला होता. ऐन वेळी बोलणी फिसकटली, अवघ्या एक-दोन दिवसांत जागा बदलली, आणि तोच ठेंगणा रंगमंच आल्टामाँटच्या उताराच्या पायथ्याशी मांडण्यात आला. आता उतारावरची सगळी माणसे स्वाभाविकपणे खाली, रंगमंचाकडे ढकलली जाऊ लागली. गायकांच्या आणि जमावाच्या मध्ये कुंपण म्हणून मोटारसायकलींवरून हिंडणारी एक दांडगट टोळी बसविली होती. तिचा मोबदला ५०० डॉलरची बिअर असा ठरला होता, असे तेव्हापासून सांगण्यात येते. रात्री रंगमंचासमोर एका अठरा वर्षांच्या कृष्णवर्णी तरुणाचा भोसकून अंत झाला. दोघे मोटारीखाली सापडले, एक कालव्यात बुडाला. त्या टोळीविषयी पुढे चित्रपट निघाले, ग्रंथ लिहिले गेले. रंगमंचाच्या उंचीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः साऱ्या प्रकाराचे मूळ पुष्कळ अंशी तेथे आहे.

ब्रिटनमध्ये अशा जलशांसाठी शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका तयार झाली तीही मृत्यूनंतरच. २० ऑगस्ट १९८८ रोजी डॉनिंग्टन येथे लाखाहून अधिक श्रोत्यांच्या जलशात, पावसाने चिखल झालेल्या उतारावर, रंगमंचाजवळची गर्दी कोसळून दोन तरुण गुदमरून मेले. त्यानंतर १९९३ साली सरकारी मार्गदर्शिका निघाली. तिच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून लोक तिला 'जांभळे पुस्तक' म्हणू लागले. जलसा भरविणाऱ्याने आधी मैदानावर जाऊन धोके शोधावेत, ते कागदावर मांडावेत, प्रत्येकापुढे उपाय लिहावा आणि तो कोणी करावयाचा तेही लिहावे, हा तिचा गाभा होय. वाचताना हे सारे इतके साधे वाटते की, एवढ्यासाठी पुस्तक कशाला, असा प्रश्न पडावा.

त्याच सुमारास जॉन फ्रुइन या अमेरिकन स्थापत्यविशारदाने गर्दीतील अपघातांचा अभ्यास करून काही गोष्टी निर्विवाद दाखवून दिल्या. एका चौरस मीटरमध्ये सात माणसांच्या आसपास दाटी झाली की, माणूस स्वतंत्र राहत नाही. गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि तिच्यातून लाटा जातात. त्या लाटांत पाय जमिनीवरून उचलले जातात. बळी पडतात ते बहुधा पायदळी तुडवून नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने. उभ्याउभ्याही माणूस असा मरतो. आणि मागच्या रांगेला पुढे काय चालले आहे याची वार्ताही नसते. इंग्रजी वृत्तपत्रे अशा प्रसंगाला 'स्टॅम्पीड' म्हणतात. तो शब्द बुजलेल्या गुरांच्या पळण्यावरून आलेला आहे, आणि त्यात दोष गुरांचा म्हणजे जमावाचाच असतो. मराठीतला 'चेंगराचेंगरी' हा शब्द याबाबत अधिक प्रामाणिक आहे. तो पळण्याविषयी काही बोलत नाही, दाबाविषयी बोलतो.

दाब मोजता येतो. वाटही मोजता येते. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या नियमावलीत असे धरले आहे की, सपाट वाटेच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८२ माणसे जातात आणि जिन्यावरून ६६. तीन मीटर रुंदीचे फाटक घेतले तर त्यातून मिनिटाला २४६ माणसे बाहेर पडतील. संकटसमयी आठ मिनिटांत मैदान रिकामे व्हावे अशी अपेक्षा ठेवली, तर त्या एका फाटकाच्या भरवशावर दोन हजारांहूनही थोडी कमीच माणसे आत घेता येतात. मैदानात दहा हजार माणसे सहज मावतील, ही गोष्ट मग गैरलागू ठरते. आपल्याकडे परवानगीच्या अर्जावर मैदानाचे क्षेत्रफळ ठळकपणे लिहिलेले असते. फाटकाची रुंदी लिहिणारा अर्जदार विरळा.

तरीही सारा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. डेन्मार्कमधील रॉस्किल्ड येथील वार्षिक संगीतोत्सव ही नवखी संस्था नव्हती. १९७१ पासून तो भरत होता, आणि त्याच्या चोख व्यवस्थेची ख्याती होती. ३० जून २००० च्या रात्री तेथे पावसाने ओल्या झालेल्या जमिनीवर रंगमंचासमोर काही जण कोसळले, त्यांच्यावर इतर कोसळले, आणि नऊ तरुण मृत्युमुखी पडले. गायकांनी वाद्ये थांबवून लोकांना मागे सरण्याची विनंती केली. परंतु तोवर वेळ निघून गेली होती. मदतीची हाक आणि दाद यांतला फरक अशा गोंगाटात कळत नाही. वर केलेला हात बुडणाऱ्याचा आहे की रंगलेल्याचा, हे रंगमंचावरून कसे दिसावे? रॉस्किल्डच्या चालकांनी उत्सव बंद केला नाही. रंगमंचाजवळची जागा त्यांनी कठड्यांनी विभागली, त्या विभागांत मोजून माणसे सोडण्याची पद्धत बसविली, आणि मागच्या गर्दीचा भार पुढच्यांच्या छातीवर येणार नाही अशी तजवीज केली. गेलेल्या नऊ जणांसाठी तेथे नऊ झाडे लावली आहेत.

जर्मनीत याच्या नेमके उलट घडले. 'लव्ह परेड' नावाचा नृत्यसंगीताचा विनामूल्य मेळा बर्लिनमध्ये वर्षानुवर्षे भरे. २००७ पासून तो रूर खोऱ्यातील औद्योगिक शहरांकडे आला. पहिल्या वर्षी एसेन, दुसऱ्या वर्षी डॉर्टमुंड, आणि २००९ ची पाळी बोखुमची होती. बोखुमच्या अधिकाऱ्यांनी हिशेब केला. शहराचे रेल्वे स्थानक लहान. लाखो माणसे त्यातून ये-जा करणे शक्य नाही. म्हणून जानेवारी २००९ मध्ये त्यांनी मेळा नाकारला. त्या वेळी त्यांची वृत्तपत्रांतून टवाळी झाली. शहराची अब्रू गेली असे म्हटले गेले. पुढची पाळी डुइसबुर्गची होती. तेथील पोलीसप्रमुखाने शंका बोलून दाखविताच त्याच शहराच्या एका खासदाराने राज्याच्या गृहमंत्र्याला पत्र लिहून त्याला पदावरून दूर करण्याची मागणी केली. शासकीय नोकरीत असलेल्या कोणालाही या पत्राचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही. २०१० साल उजाडले तेव्हा रूर प्रदेशाला युरोपची सांस्कृतिक राजधानी हा मान मिळाला होता, आणि अशा वर्षी मेळा रद्द करण्याचे धैर्य कोणापाशी उरले नव्हते.

जागा निवडली ती जुन्या मालधक्क्याची. परवानगी होती अडीच लाख माणसांची. जाहिरात मात्र दहा लाखांहून अधिकांची चालली होती. मैदानाला कुंपण होते, आणि आत जाण्याचा मुख्य मार्ग असा: पूर्वेकडून एक बोगदा, पश्चिमेकडून एक बोगदा, दोन्ही मध्ये येऊन मिळणार आणि तेथून एका उतरत्या रस्त्याने वर मैदानात चढावयाचे. बाहेर पडण्याची वाटही तीच. सुटकेच्या मार्गांच्या रुंदीबाबत नियमांतून सवलत देण्यात आली, आणि शेवटचा परवाना मेळ्याच्या अगदी तोंडावर निघाला. २४ जुलै २०१० रोजी दुपारनंतर आत जाणारे आणि बाहेर पडणारे त्या उताराच्या तळाशी समोरासमोर आले. पोलिसांनी कडी करून लोंढा थोपविण्याचा प्रयत्न केला. कडेला एक अरुंद जिना होता. तोच सुटकेचा मार्ग वाटून सारे तिकडे वळले, आणि पाचच्या सुमारास त्या जिन्याजवळ २१ माणसे गुदमरून गेली. सहाशेहून अधिक जखमी झाले. वर मैदानात संगीत चालूच होते. ते लगेच थांबविले तर दुसरा लोंढा सुटेल, या भीतीने ते रात्रीपर्यंत चालू ठेवावे लागले. व्यवस्था एकदा चुकली म्हणजे सुरांनाही असे ओलीस राहावे लागते.

पहिल्या काही तासांत दोष जमावाला देण्यात आला; लोक भिंतीवर चढले, जिन्यावर चढले, म्हणून हे झाले असे सांगण्यात आले. तज्ज्ञांनी पुढे हजारो पानांचा अहवाल दिला, आणि माणसे गुदमरू लागली म्हणून चढली हा कार्यकारणाचा क्रम त्यातून स्पष्ट झाला. २०१२ च्या फेब्रुवारीत नागरिकांनी मतदानाने महापौराला पदच्युत केले. डिसेंबर २०१७ मध्ये दहा जणांवर खटला उभा राहिला. त्यांत नगरपालिकेचे सहा अधिकारी आणि चालक कंपनीचे चौघे होते. मे २०२० मध्ये तो कोणालाही शिक्षा न होता बंद झाला. अपघाताची कारणे अनेक, त्यांत हात अनेकांचे, आणि एकेकाचा वाटा थोडा, अशी अवस्था होती. परवाना नाकारणाऱ्या बोखुममध्ये त्या उन्हाळ्यात काहीच घडले नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नसते. त्या अधिकाऱ्यांचा निर्णय योग्य होता हे सिद्ध व्हायला २१ माणसांना दुसऱ्या शहरात मरावे लागले.

महाराष्ट्रात उघड्यावरच्या संगीताची आठवण निघाली की पुण्याचे नाव येते. गुरू सवाई गंधर्व यांच्या निधनानंतर, १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी सुरू केलेला पुण्यतिथीचा उत्सव पुढे कितीतरी वर्षे रमणबागेच्या प्रांगणात मांडवाखाली भरला. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी तेथे सतरंजीवर रात्री काढल्या असतील. रात्रभराच्या त्या मैफलीला, कोणी योजना न करता, एक सोय लाभली होती: श्रोते येत आणि जात. कोणी दहाला उठे, कोणी शेवटच्या बसची वेळ साधून निघे, आणि उरलेले पहाटे भैरवीनंतर चहाच्या शोधात हळूहळू पांगत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातील मोजक्या दिवशी ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. आजूबाजूच्या रुग्णांच्या आणि बालकांच्या दृष्टीने हा नियम योग्यच होय. परंतु त्याचा एक परिणाम असाही की, सारे श्रोते आता एकाच क्षणी उठतात. फाटक तेच, माणसे तेवढीच, वेळ मात्र आखडली. असा नियम लागू झाल्यावर धोक्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, याकडे गावोगावच्या जलशांत क्वचितच लक्ष जाते. बैठकीचा आणि सभ्य श्रोत्यांचा जलसा असला म्हणून दाबाचे गणित बदलत नाही, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

हा हिशेब किती लहान जागेत चुकू शकतो हे केरळने पाहिले आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात विद्यार्थ्यांचा संगीताचा कार्यक्रम खुल्या रंगमंदिरात व्हावयाचा होता. तेथे लाखो नव्हते. हजारांच्या आसपास मावतील एवढे ते रंगमंदिर. आत जाण्यास फाटक एक, आणि फाटक ओलांडताच उतरत्या पायऱ्या. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी लोक बाहेर खोळंबले होते. पाऊस आला तसे ते आश्रयासाठी एकदम आत शिरू लागले, असे त्या वेळचे वृत्तांत सांगतात. पुढचे पायऱ्यांवर पडले, मागच्यांना ते दिसले नाही. चौघांचा अंत झाला, त्यांत तिघे विद्यार्थी होते. गायिका तोवर रंगमंचावर आलीही नव्हती.

अशा ठिकाणी काय पाहावे, फाटके किती असावीत, पायऱ्या कोठे नसाव्यात, गर्दी कोठे मोजावी आणि कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, याविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने राज्य सरकारे, स्थानिक अधिकारी आणि संयोजक यांच्यासाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. ती २०१४ साली निघाली. कोचीच्या त्या संध्याकाळी तिला नऊ वर्षे झाली होती.